खेळण्याच्या डब्यातला कागद

आमच्या घरी काचेची एक शोकेस होती. कोकणात ज्या घरचा माणूस आखातात कमवायला गेला, त्या घरी अशी शोकेस हमखास दिसायची. वरच्या खणात मक्का-मदिनेची तसबीर, खाली चिनी मातीचा टी-सेट, अत्तराच्या रिकाम्या बाटल्या. आमच्या शोकेसमध्ये आणखी एक वस्तू होती. लाल-निळ्या रंगाचा एक रोबो. त्याचे एक पाऊल बाहेर होते, एक आत. डोके अर्धे झाकणाखाली अडकलेले. हातांना मुठी नव्हत्या. तो धड ट्रक नव्हता, धड रोबोही नव्हता.

१९८६ साली अब्बांनी तो कुवेतहून आणला. अस्सल कंपनीचा होता की नक्कल, हे आज सांगता येणार नाही. अब्बा तिथे पाइप फिटर होते. दोन वर्षांनी दोन महिन्यांची सुट्टी मिळायची. त्या सुट्टीत, एका संध्याकाळी मगरिबनंतर, पडवीत बसून त्यांनी तो डबा उघडला. आतून ट्रक निघाला आणि ट्रकखालून चार घड्या घातलेला एक कागद निघाला. अम्मीने कागद बाजूला सारला. अब्बांनी तो उचलला, जमिनीवर पसरला आणि चारही कोपऱ्यांवर हात फिरवून सपाट केला.

अब्बांचे शिक्षण उर्दू शाळेत चौथीपर्यंत झाले होते. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हते. मी विचारले, "अब्बा, यात काय लिहिलंय?" ते म्हणाले, "याला भाषा लागत नाही बेटा. आकडे बघायचे, बाण बघायचे." पंधरा मिनिटांत ट्रक उभा राहिला आणि त्याला डोके फुटले. शेजारची पोरे दारात जमली होती.

सुट्टी संपली, अब्बा गेले. कागद कुठे गेला ते कुणालाच ठाऊक नाही. कदाचित डब्याखाली अंथरला गेला असेल, कदाचित चुलीत. मी एकट्याने रोबोचा पुन्हा ट्रक करायला बसलो. हात बाजूला बसेनात. मी जोर लावला. काहीतरी कट्कन वाजले. तुटले नाही, पण अडकले. मुठी त्याच धडपडीत कुठेतरी निखळल्या, आणि निखळल्या हेही कळले नाही. मग अम्मीने तो रोबो शोकेसमध्ये ठेवून दिला.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत व्यापले. सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना जॉर्डनच्या अम्मान शहरातून विमानांनी मायदेशी आणले गेले. अब्बा त्यांत होते. हातात एक बॅग, बाकी सारे तिकडेच राहिले. घरी आल्यावर दोन-चार दिवस ते कुणाशी फारसे बोलले नाहीत. मग एकदा त्यांची नजर शोकेसकडे गेली. रोबो बाहेर काढला, उलटसुलट करून पाहिला, एक सांधा हलवला आणि थांबले. चार वर्षांपूर्वीचा क्रम त्यांनाही आठवेना.

"कागद कुठाय?" त्यांनी विचारले.

हा लेख त्या कागदाविषयी आहे.

साचे तेच, कथा वेगळी

रूप बदलणाऱ्या या खेळण्यांचा इतिहास जपानपासून सुरू होतो. रूप पालटण्याला जपानी भाषेत 'हेन्शिन' म्हणतात. ताकारा कंपनीने १९७२ मध्ये 'हेन्शिन सायबॉर्ग' नावाचा बाहुला बाजारात आणला. १९७४ मध्ये त्याच कंपनीची 'मायक्रोमॅन' ही छोट्या बाहुल्यांची मालिका आली. १९७५ मध्ये जपानी टीव्हीवर 'रायदीन' नावाचा रोबो दिसू लागला, तो पक्ष्याचे रूप घेत असे. १९८० मध्ये ताकाराने 'डायाक्लोन' ही मालिका सुरू केली आणि १९८२ पासून तिच्यात खऱ्या मोटारींचे रोबो होऊ लागले. त्यांत लॅम्बोर्गिनी काउंताचसारखी गाडीही होती. १९८३ मध्ये मायक्रोमॅनच्या 'मायक्रो चेंज' या शाखेत पिस्तूल, कॅसेट प्लेअर, इतकेच काय कॅसेटसुद्धा रोबो होऊ लागली.

अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने ही खेळणी जपानमध्ये पाहिली. दोन वेगळ्या मालिकांतील साचे एकत्र केले आणि १९८४ मध्ये 'ट्रान्सफॉर्मर्स' या एकाच नावाखाली ती विकायला काढली. मार्व्हल कॉमिक्सच्या लेखकांनी त्यांना नवी कथा दिली. बॉब बुडियान्स्की या संपादक-लेखकाने बहुतेक पात्रांची नावे आणि स्वभाव लिहिले. जपानमध्ये जो 'बॅटल कॉन्व्हॉय' नावाचा ट्रक होता, तो अमेरिकेत 'ऑप्टिमस प्राइम' झाला.

इथे एक मजेची गोष्ट आहे. डायाक्लोनच्या कथेत हे रोबो म्हणजे माणसांनी चालवायची यंत्रे होती. बोटाच्या पेराएवढे चालक त्यांच्यासोबत मिळत आणि त्यांना बसायला आत जागा असे. अमेरिकन कथेत रोबो स्वतःच जिवंत झाले, विचार करू लागले, बोलू लागले. चालकांची गरज संपली आणि ते डब्यातून गेले. पण साचे तेच राहिले. म्हणून कित्येक जुन्या ट्रान्सफॉर्मर्समध्ये काच उघडली की आत रिकाम्या खुर्च्या दिसतात. मुलांना प्रश्न पडे, की जो स्वतः जिवंत आहे त्याच्या पोटात खुर्ची कशाला?

मराठी इतिहासकारांना हा प्रश्न नवा नाही. वि. का. राजवाडे यांनी बखर आणि अस्सल कागद यांतला फरक आपल्याला शिकवला. बखर नंतर लिहिली जाते, कुणाच्या तरी सांगण्यावरून लिहिली जाते आणि मालक बदलला की तिची कथाही बदलू शकते. समकालीन कागदाचे काम वेगळे असते. कार्टून आणि कॉमिक्स या त्या खेळण्यांच्या बखरी. डब्यातला सूचनांचा कागद हा अस्सल दस्तऐवज. कंपनी बदलली, नाव बदलले, शत्रू-मित्र बदलले, तरी कोणता सांधा आधी वळवायचा आणि कोणता नंतर, हे कुणालाही बदलता आले नाही. कारण ते कथेत नव्हते, प्लास्टिकमध्ये होते.

जोर लावू नका

हा कागद नेमके काय करतो? वरवर पाहता तो फक्त ट्रकचा रोबो कसा करायचा ते दाखवतो. पण नीट पाहिले तर तो चार वेगवेगळी कामे करतो.

पहिले काम मोजदादीचे. कागदाच्या सुरुवातीला डब्यात काय काय असायला हवे त्याचे चित्र असते. १९८४ च्या ऑप्टिमस प्राइमच्या मुठी शरीराला जोडलेल्या नव्हत्या, त्या वेगळ्या मिळत आणि रोबो झाल्यावर मनगटात खोचाव्या लागत. ज्याच्याकडे कागद नाही त्याला मूठ हरवली हेसुद्धा कळत नाही. आमचेच उदाहरण आहे. कितीतरी वर्षे मी समजत होतो, की या रोबोला मुठी नसतातच.

दुसरे काम क्रमाचे. या खेळण्यांत एक भाग दुसऱ्याची वाट अडवून बसलेला असतो. मुठी काढल्याशिवाय हात बाजूला बसत नाहीत. यात कुणाच्या हुशारीचा प्रश्न नाही. हुशार माणूसही चुकीच्या क्रमाने गेला तर अडकतो, आणि अडकला की जोर लावतो.

तिसरे काम त्या जोराला आवर घालण्याचे. बाण किती लांब आहे यावरून सांधा किती वळवायचा ते समजते. एखादी खुंटी कोणत्या खाचेत बसते ते गोलाच्या आत मोठे करून दाखवलेले असते. अलीकडच्या कागदांवर असेही छापलेले असते, की फार जोर लावल्यास काही भाग सुटून येतील आणि ते परत बसवता येतील. म्हणजे बनवणाऱ्याने आपल्या अधीरपणाचाही हिशोब आधीच करून ठेवलेला असतो.

चौथे काम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कागदाच्या शेवटी बहुधा एकच ओळ असते: परत पूर्वीचे रूप हवे असल्यास याच पायऱ्या उलट क्रमाने करा. ही ओळ लिहायला सोपी आहे, करायला नाही. जाताना प्रत्येक पायरी समोर दिसत असते. येताना मात्र कुठून आलो ते माहीत असावे लागते. म्हणूनच बहुतेक पोरे ट्रकचा रोबो स्वतः करतात आणि रोबोचा ट्रक करायला बापाकडे येतात.

पुढे ही खेळणी अधिकाधिक गुंतागुंतीची होत गेली. २००३ मध्ये ताकाराने मोठ्या वयाच्या शौकिनांसाठी 'मास्टरपीस' मालिका सुरू केली. २००७ मध्ये हॉलिवूडचा चित्रपट आला आणि पडद्यावरच्या रोबोसारखी शेकडो तुकड्यांची भासणारी खेळणी निघाली. आता कित्येक डब्यांवरच लिहिलेले असते, की हे खेळणे इतक्या पायऱ्यांत रूप बदलते. पंचवीस-तीस पायऱ्या ही साधी गोष्ट झाली आहे. कागदाचा आकार मात्र त्या प्रमाणात वाढला नाही. चित्रे लहान झाली, एका चौकटीत तीन-तीन बाण आले. कागद असूनही घाम फुटतो, अशी तक्रार शौकीन करतात आणि ती खोटी नाही.

चिन्हांची भाषा

शब्दांशिवाय हालचाल कागदावर मांडणे ही सोपी गोष्ट नव्हे. याचा उत्तम दाखला जपानच्याच ओरिगामीत, म्हणजे कागदाच्या घड्या घालण्याच्या कलेत मिळतो.

१७९७ मध्ये जपानमध्ये 'हिदेन सेनबाझुरू ओरिकाता' नावाचे पुस्तक छापले गेले. एकाच कागदाला चिरा देऊन एकमेकांना जोडलेले अनेक क्रौंच पक्षी कसे करायचे, याचे ४९ प्रकार त्यात आहेत. पण पुस्तक मुख्यतः कागद कुठे कापायचा ते आणि तयार झालेला नमुना दाखवते. मधल्या घड्या ज्याला आधीच येतात, त्याच्यासाठी ते आहे. ज्याला येत नाहीत, त्याने गुरू गाठावा.

विसाव्या शतकात अकिरा योशिझावा (१९११-२००५) यांनी हे चित्र बदलले. तरुणपणी ते कारखान्यात काम करत आणि नवख्या कामगारांना भूमिती समजावण्यासाठी घड्यांचा उपयोग करत. १९५४ च्या त्यांच्या पुस्तकात त्यांनी चिन्हांची एक पद्धत मांडली: आत जाणारी घडी एका प्रकारच्या तुटक रेघेने, बाहेर येणारी दुसऱ्या प्रकारच्या रेघेने, कागद कुठे न्यायचा ते बाणाने. पुढे अमेरिकेचे सॅम्युएल रँडलेट आणि ब्रिटनचे रॉबर्ट हार्बिन यांनी तीत भर घातली. आज जपानी पुस्तक पुण्यात उघडले तरी एकही अक्षर न वाचता घडी घालता येते, ती या पद्धतीमुळे.

खेळण्यांच्या कागदावरची चिन्हे थेट इथूनच आली, असा माझा दावा नाही. पण गरज एकच होती. शिकवणारा समोर नाही, शिकणाऱ्याची भाषा वेगळी आहे, तरीही हालचाल जशीच्या तशी एका हातातून दुसऱ्या हातात पोचली पाहिजे.

दियारबकरचा कारागीर

ही गरज आठशे वर्षांपूर्वी एका मुसलमान कारागिराला फार नेमकेपणाने कळली होती.

काही वर्षांपूर्वी मी मामेभावाकडे दुबईला गेलो होतो. त्याने इब्न बतूता मॉल दाखवायला नेले. तिथल्या भारत दालनात एक भलामोठा हत्ती उभा आहे. पाठीवर हौदा, पुढे माहूत, वर ड्रॅगन आणि पक्षी. लोक त्याच्यासमोर फोटो काढून पुढे जात होते. तो हत्ती म्हणजे एक घड्याळ आहे आणि ज्याने ते रचले त्याचे नाव इस्माईल अल-जझरी.

अल-जझरी आजच्या तुर्कस्तानातील दियारबकर इथे अर्तुकी राजांच्या पदरी होता. पंचवीस वर्षांच्या चाकरीत त्याने नाना यंत्रे बनवली. सुलतान नासिरुद्दीन महमूदने त्याला सांगितले, की ही मेहनत वाया जाऊ देऊ नकोस, लिहून ठेव. प्रस्तावनेत ही हकीकत त्याने स्वतः दिली आहे. १२०६ मध्ये ग्रंथ पुरा झाला. त्यात सहा भागांत ५० यंत्रे आहेत. घड्याळे, मजलिशीतली गमतीची पात्रे, वजूसाठी पाणी ओतणारी यंत्रे, कारंजी, पाणी उपसण्याचे पंप आणि अक्षरांच्या तबकड्यांचे कुलूपसुद्धा.

त्याच्याआधी असे ग्रंथ नव्हते असे नाही. साधारण ८५० च्या सुमारास बगदादमध्ये मुहम्मद, अहमद आणि हसन या तीन भावांनी, म्हणजे 'बनू मूसां'नी, 'किताब अल-हियल' लिहिला होता. त्यात सुमारे शंभर चमत्कारिक यंत्रे आहेत. पण यंत्र कसे चालते ते सांगणे वेगळे आणि कसे बनवायचे ते सांगणे वेगळे. बनू मूसांचा भर पहिल्यावर आहे. अल-जझरीने दुसरे काम केले. प्रत्येक यंत्राचे चित्र काढले, भागांना अक्षरे दिली आणि मजकुरात त्या अक्षरांचा आधार घेत एकेक भाग कसा घडवायचा ते लिहिले. लाकूड वाकू नये म्हणून पातळ फळ्या एकावर एक कशा चिकटवायच्या, चाकाचा तोल कसा साधायचा, झडप घट्ट बसावी म्हणून ती कशी घासायची, पाण्याचे भोक नेमके किती हे कसे तपासायचे. नमुना आधी कागदाचा करून पाहावा, हेही तो सांगतो.

हत्तीच्या घड्याळाचेच पाहा. हत्तीच्या पोटात पाण्याची टाकी आहे. तीत तळाला भोक असलेले एक भांडे तरंगते. अर्ध्या तासात ते भरून बुडते, बुडताना दोरी ओढते आणि वरून एक गोळा सुटतो. गोळा ससाण्याच्या चोचीतून ड्रॅगनच्या तोंडात येतो, त्या वजनाने ड्रॅगन खाली झुकतो, बुडालेले भांडे वर उचलले जाते आणि चक्र पुन्हा सुरू होते. मराठी वाचकाला यातले बुडणारे भांडे ओळखीचे वाटेल. लग्नाचा मुहूर्त साधायला आपल्याकडे वापरायचे ते घटिकापात्र याच जातीचे, फक्त ते २४ मिनिटांत बुडते. घड्याळासाठी अल-जझरीने हिंदुस्थानचा हत्ती निवडला, हे मला उगाच वाटत नाही.

आता या कागदांची कसोटी पाहा. १९७४ मध्ये डोनाल्ड हिल या इंग्रज अभियंत्याने अल-जझरीच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. १९७६ मध्ये लंडनला इस्लामी संस्कृतीचा मोठा महोत्सव झाला. त्या निमित्ताने तिथल्या सायन्स म्युझियमसाठी अल-जझरीचे भव्य जलघड्याळ त्याच्या सूचनांवरून पुन्हा बांधण्यात आले, आणि ते चालले. उस्ताद जाऊन साडेसातशे वर्षे झाली होती, शागीर्दांची साखळी तुटली होती, दियारबकरचा दरबार मातीत गेला होता. कागद मात्र कामाला आला.

याच ग्रंथाची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच्या अनेक नकला झाल्या. त्यांपैकी १३१५ आणि १३५४ मधल्या दोन हस्तलिखितांची पाने फार सुंदर होती. इतकी, की पुढे ती एकेक करून सुटी झाली आणि आज न्यूयॉर्क, बोस्टन अशा ठिकाणच्या संग्रहालयांत चित्रे म्हणून विखुरलेली आहेत. लोक रंग पाहतात, सोनेरी वेलबुट्टी पाहतात. पण पान क्रमातून सुटले की ते सूचना राहत नाही, शोभेची वस्तू होते. आमच्या शोकेसमधल्या रोबोसारखे.

हाताने शोधले तर काय बिघडले?

एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो. माझा भाचाच म्हणतो, "मामू, कागद बघून केलं तर त्यात मजा काय? स्वतः शोधायचं." त्याचे म्हणणे अगदीच चूक नाही. ही खेळणी कोडीच आहेत आणि कोड्याचे उत्तर आधी वाचू नये. सोप्या खेळण्यांच्या बाबतीत मी त्याच्याशी सहमत आहे.

पण अवघड खेळण्यात कोडे आणि नुकसान यांत एका बोटाचे अंतर असते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणि नंतर काही वर्षे सोनेरी झाक असलेले एक प्लास्टिक वापरले गेले. ते काळानुसार इतके ठिसूळ होते, की शौकिनांनी त्या दोषाला स्वतंत्र नावच दिले आहे. असे खेळणे हातात घेऊन 'शोधत' बसणे म्हणजे ते मोडणे. अशा वेळी आधी कागद वाचावा, मग हात लावावा.

दुसरा आक्षेप नवा आहे. आता व्हिडिओ असताना कागद कशाला? मीही व्हिडिओ पाहतो. त्यात हात दिसतो, वेग दिसतो, आवाज ऐकू येतो. पण व्हिडिओ त्याच्या वेगाने चालतो, कागद आपल्या वेगाने. व्हिडिओत सातवी पायरी शोधायला मागे-पुढे करावे लागते, कागदावर बोट ठेवता येते. शिवाय व्हिडिओ बनवणारा बहुधा आपल्यासारखाच दुसरा ग्राहक असतो. त्याने कुठे जोर लावला असेल, तर तोही आपण शिकतो. कागद मात्र बनवणाऱ्याकडून येतो.

कागद परिपूर्ण असतो असेही नाही. अल-जझरीने कितीही लिहिले, तरी कानस धरायची कशी हे त्याने लिहिलेले नाही. ते ज्याला येते त्याच्यासाठीच तो लिहितो. हाताचे शहाणपण पूर्णपणे कागदावर उतरत नाही. पण ते उतरत नाही म्हणून काहीच उतरवायचे नाही, हा आपल्याकडचा जुना रोग आहे. आमच्या मोहल्ल्यात घड्याळे दुरुस्त करणारे एक चाचा होते. त्यांच्याकडे लांबून लोक यायचे. हुनर हातात असतो, कागदावर नाही, असे ते अभिमानाने म्हणायचे. ते गेले, त्यांच्याबरोबर तो हुनरही गेला. मुलाने दुकानात मोबाइलची कव्हरे लावली. त्याला दोष देता येत नाही. त्याच्यासाठी कुणी कागद ठेवलाच नव्हता.

पंपाचा कागद

कुवेतहून परतल्यावर अब्बा पुन्हा परदेशात गेले नाहीत. गावातच नळाची, पंपाची कामे करू लागले. आमच्या विहिरीवर त्यांनी एक पंप बसवला. तो पंप लहरी होता. फूटव्हॉल्व्हमधून रात्रीतून पाणी उतरायचे आणि सकाळी पंप नुसताच घुमायचा. अब्बांना तो चालू करता यायचा, बाकी कुणाला नाही.

दोन हजार साली त्यांना पहिला झटका आला. इस्पितळातून घरी आल्यावर त्यांनी माझ्याकडून वहीचा एक कोरा कागद आणि पेन मागितले. दोन दिवस हळूहळू काढत बसले. एकही शब्द नव्हता. पहिल्या चौकटीत पंपाच्या तोंडावर धरलेला तांब्या. दुसरीत हवेची चकली सैल, तिच्यातून निघणारे बुडबुडे. तिसरीत चकली घट्ट, शेजारी गोल बाण. चौथीत स्टार्टरचे वरचे बटण, त्यावर बोट. पाचवीत व्हॉल्व्हचे चाक आणि एक अगदी छोटा बाण, म्हणजे थोडेच उघडायचे. आणि सर्वांत खाली, बंद करण्यासाठी, पाच आणि चार हे आकडे उलटे लिहून दोन बाण. आधी व्हॉल्व्ह, मग बटण.

मी विचारले, "अब्बा, हे कुठे शिकलात?"

"तुझ्या त्या ट्रकच्या कागदावर," ते म्हणाले.

तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून पंपाच्या खोलीत खिळ्याला टांगला. २००४ मध्ये अब्बा गेले. अम्मीला अजूनही मराठी धड वाचता येत नाही, उर्दू चष्म्याशिवाय दिसत नाही. पंप मात्र ती रोज सकाळी स्वतः चालू करते. कागद एव्हाना दोनदा नव्याने गिरवून झाला आहे. पहिल्या वेळी मी गिरवला, दुसऱ्या वेळी भाच्याने. तोच भाचा, ज्याला कागद बघून काम करण्यात मजा वाटत नाही.

गेल्या रमजान ईदला मी शोकेस उघडली. त्याच साच्याच्या ट्रकचा जुना कागद कुणीतरी जपून ठेवला होता आणि त्याची प्रत मला मिळाली होती. शेवटच्या पायरीपासून सुरुवात केली, एकेक आकडा मागे येत. डोक्याचे झाकण मोकळे व्हायला थोडे खोबरेल लागले. मुठी नसल्यामुळे हात सहज बाजूला बसले. नवव्या मिनिटाला भाच्याच्या हातात ट्रक होता.

"आता परत रोबो करू?" त्याने विचारले.

मी कागद त्याच्यासमोर पसरला आणि चारही कोपरे सपाट केले.